मिस्त्रींच्या घरातली हवा

एकसष्ट वर्षांचे होईपर्यंत पॉलिशवाल्या मिस्त्रींनी हवेचा कधी विचार केला नव्हता. खिडकी उघडली की ती आत यायची, लावली की बाहेर राहायची, आणि त्यापलीकडे तिच्याशी मिस्त्रींचं काही देणंघेणं नव्हतं. मग नात राहायला आली आणि खोकायला लागली.

नातीला ते भिंगरी म्हणत. सात वर्षांची पोर, एका जागी बसायची ती फक्त चित्र काढताना. तिचे वडील बोटीवर आणि आईला तीन महिने परगावी प्रशिक्षण, म्हणून ती आजी-आजोबांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आली होती. तिला दम्याचा थोडा त्रास आधीपासूनच होता. पण इथे आल्यापासून रोज संध्याकाळी छातीत घरघर सुरू व्हायची ती सकाळीच थांबायची. डॉक्टरीणबाईंनी तोंडात मारायचा पंप दिला आणि बजावलं, घरातली हवा खेळती ठेवा. धूळ नको, ओल नको, उग्र वास नकोत.

मिस्त्रींची मुलगी, भिंगरीची आई, रविवारी येऊन बघून गेली. जाताना तिने टेबलावर एक पांढरी डबी ठेवली. घरातली हवा चांगली असेल तर डबीवर हिरवा दिवा, बिघडली तर लाल, आणि शेजारी आकडा. ती म्हणाली, पंधरा दिवस बघू, नाही थांबलं तर भिंगरीला आत्याकडे ठेवते. आत्या स्वभावाने चांगली, तिचं घर प्रशस्त, पण भिंगरीने तिला जन्मात दोनदा पाहिलेलं. मिस्त्रींचा जीव टांगणीला लागला. नात घरात आल्यापासून त्यांना घरी यायची घाई व्हायला लागली होती, आणि हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

मिस्त्री कामाला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या. दिवा लाल. दुसऱ्या दिवशी रस्त्यावरची धूळ येते म्हणून रस्त्याकडच्या लावल्या. तरी लाल. मग सतरंजी गेली, जुने पडदे गेले, कपाटामागे ओल धरली होती तिथे खरवडून चुना लागला. उग्र वास म्हणून फिनेल गेलं, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या गेल्या, घरातलं तळण बंद झालं, आणि एक दिवस बायकोच्या केसांच्या तेलाची बाटलीसुद्धा गॅलरीत जाऊन बसली. बायको आधी बाटलीकडे बघत राहिली, आणि मग मिस्त्रींकडे.

डबीचं वागणं तर त्यांच्या डोक्यात शिरेना. बायको सांगायची, दुपारी दिवा हिरवा असतो. मिस्त्रींनी घरी येऊन बघावं तर लाल. एकदा त्यांनी डबी उलटी करून झटकली, एकदा हळूच चापट मारली. बायकोसमोर हिरवी आणि आपल्यासमोर लाल, म्हणजे ही डबी आपल्याला पाण्यात पाहते, अशी त्यांची जवळजवळ खात्रीच झाली. रविवारी मात्र ते दिवसभर घरी होते आणि दिवा दिवसभर हिरवा. भिंगरी एकदाही खोकली नाही. मिस्त्रींनी बराच विचार केला आणि निष्कर्ष काढला, की रविवारी रस्त्यावर गाड्या कमी असतात. दोष रस्त्याचा. सोमवारी कामावरून आले आणि त्यांनी घरातली झाडून सगळी दारं-खिडक्या बंद केली, फटींमध्ये चिंध्या कोंबल्या.

अर्ध्या तासात आकडा कधी नव्हे इतका चढला. भिंगरीला दोनदा पंप द्यावा लागला. तिची पाठ चोळता चोळता बायको म्हणाली, "तुम्ही जरा गॅलरीत जा बरं."

आपण मध्ये लुडबुड करतोय म्हणून घालवलं, असं समजून मिस्त्री खाली मान घालून गॅलरीत गेले. बायकोने चिंध्या ओढून काढल्या आणि खिडक्या उघडल्या. थोड्या वेळाने त्यांनी काचेतून पाहिलं, तर दिवा हिरवा. ते आनंदाने आत आले, डबीपाशी वाकले. आकडा वाढायला लागला. ते दारापर्यंत मागे गेले. कमी झाला. पुन्हा पुढे आले. पुन्हा वाढला. असं त्यांनी चारदा केलं, आणि मग टेबलापासून तीन पावलांवर तोंडात मारल्यासारखे उभे राहिले.

"माझ्या अंगाला वास येतो?" त्यांनी विचारलं.

"येतो," बायको म्हणाली.

"कधीपासून?"

"मी या घरात आले तेव्हापासून. स्पिरिट, लाख, थिनर. आधी अंगाला असतो, मग कपडे दारामागे टांगता त्यांना असतो. रविवारी ते धुऊन गॅलरीत वाळत असतात, तेवढाच एक दिवस नसतो."

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं? त्या तेलाच्या बाटलीच्या वेळी तरी बोलायचं."

"घर त्याच वासावर चाललं ना," ती म्हणाली. "त्याला वाईट कुठल्या तोंडाने म्हणू? आणि मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. स्वतःला येत नाही का तुम्हाला?"

मिस्त्रींनी बाही नाकाला लावली. काहीच नाही. दुसऱ्या दिवशी फर्निचरच्या कारखान्यात गेल्या गेल्या त्यांनी स्पिरिटची बाटली उघडून नाकाखाली धरली. डोळ्यांत पाणी आलं, पण वास म्हणून काही आला नाही. पाण्याची बाटली धरली, तीही तशीच. आपलं नाक गेलं कधी? कुणी सांगितलं कसं नाही? शेजारच्या बाकावर सुतार रंधा मारत होता. पंचवीस वर्षं दोघं एका छपराखाली काम करत होते. मिस्त्रींनी आडून आडून विषय काढला. सुताराने रंधा थांबवला आणि थिनरच्या बाटलीला बांधलेल्या लाल चिंधीकडे बोट दाखवलं.

"चार वर्षांपूर्वी तुम्ही एका टेबलाच्या कामात लाखेत स्पिरिटऐवजी थिनर ओतलात, वासावरून कळलंच नाही तुम्हाला," तो म्हणाला. "तेव्हापासून चिंधी मी बांधतो. तुम्हाला काय वाटलं, नटवतोय बाटलीला?"

खरं तर मिस्त्रींना तसंच वाटलं होतं. सुतार जरा हौशी माणूस आहे, एवढीच त्यांची समजूत होती. त्या दिवशी त्यांचं मन कामात लागलं नाही. नाक गेल्याचं दुःख करावं, की नात राहील म्हणून खूश व्हावं, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी ते ठरवायचं सोडून दिलं आणि साबणाची वडी विकत आणली.

त्यानंतर रोज काम संपलं की कारखान्यामागच्या नळावर ते सगळं अंग घासून धूत. नखांतली लाख ब्रशने काढत. कामाचे कपडे तिथेच खुंटीला, घरचे कपडे पिशवीतून काढून अंगात. सुतार चेष्टा करायचा, मिस्त्री लग्नाला निघाले वाटतं. घरी दिवा हिरवा राहिला. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. घरघर आधी कमी झाली, मग थांबली. पंधराव्या दिवशी मुलगी आली, डबी बघितली, भिंगरीच्या छातीला कान लावला आणि म्हणाली, राहू दे तिला इथेच. मिस्त्री उठून मोरीत गेले, तोंडावर पाणी मारलं आणि जरा वेळाने आले.

एकच गोष्ट त्यांना उमगत नव्हती. अंघोळ करून घरी यायला लागल्यापासून त्यांना चहा वेळेवर मिळेना. इतकी वर्षं ते उंबऱ्याच्या आत आले, की कप समोर यायचा. आता ते येऊन बसायचे, बायको त्यांना बघून दचकायची, "अगंबाई, आलात?" म्हणायची आणि मग पाणी ठेवायला आत पळायची. मिस्त्रींना वाटलं, तेलाच्या बाटलीचा राग अजून आहे. ती बाटली त्यांनी स्वतः पुसून कपाटात परत ठेवली. तरी चहा उशिराच. विचारायचा धीर होईना.

मुलगी परत गेली त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी भिंगरी चित्र काढत होती. मिस्त्री शेजारी टेकले आणि हळूच म्हणाले, आजी रागावलीय का गं माझ्यावर?

"नाही," भिंगरी रंग भरता भरता म्हणाली. "तिला कळतच नाही तुम्ही आल्याचं. आधी तुम्ही जिना चढायला लागलात की वास वर यायचा, मग ती चहा ठेवायची. आता येत नाही ना."

आत भांड्यांचा आवाज येत होता. मिस्त्री बराच वेळ त्या आवाजाकडे कान लावून बसले. ती रोज ज्या वासाची वाट बघायची, तो आपल्याला कधी कळलाही नाही, आणि आता तो आपणच धुऊन टाकला. याचं काय करायचं, हे काही केल्या त्यांना सुचेना.

दुसऱ्या दिवशी ते अंघोळ करून, भांग पाडून आले आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबले. आयुष्यात त्यांनी कधी चारचौघांत आवाज चढवला नव्हता. इकडे तिकडे बघून त्यांनी घसा साफ केला, वर तोंड केलं आणि तीन मजले ऐकतील अशी हाक मारली.

"अगं, मी आलोय. चहा ठेव."

पहिल्या मजल्यावरचं दार उघडलं, दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी वाकून पाहिलं. मिस्त्री कानापर्यंत लाल झाले आणि कठड्याला धरून सावकाश, नेहमीच्याच चालीने, वर चढायला लागले, म्हणजे पाण्याला उकळी यायला वेळ मिळावा.