साळुबाईंच्या दाराचा भोंगा

बेल्हे आणि आळ्याच्या मधे, डांबरी रस्त्यापासून थोडं आत, सहा-सात घरांची एक वस्ती आहे. साळुबाई गुंजाळ यांचं घर त्यात रस्त्याला सगळ्यात जवळचं. २००३ च्या उन्हाळ्यात त्या रानात असताना भरदुपारी कोणीतरी घराचा कोयंडा उचकटला आणि पितळेचे हंडे, टीव्ही, गॅसची टाकी असं सगळं नेलं. शेजारची माणसं घरात होती. कोणाला काही कळलं नाही.

त्यांचा मुलगा भगवंत भोसरीला एका कारखान्यात फिटर. तो आला, नवा कोयंडा ठोकला आणि निर्णय सांगून टाकला: आईनं आता भोसरीला यायचं. वडील वारल्यापासून तो हेच म्हणत होता, आता त्याला कारण मिळालं. साळुबाईंनी टोमॅटोचा हंगाम संपेपर्यंत मुदत मागितली. ती मिळाली, पण अटीवर. मधे पुन्हा कुलूप तुटलं, तर गाय विकायची आणि निघायचं. भोसरीच्या खोलीत साळुबाई एकदा राहून आल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर हाताला काही काम नव्हतं, एवढंच त्या सांगतात.

घर राखणारी घंटा बसवायची आणि ती स्वतः बसवायची, हे त्यांनी त्याच आठवड्यात ठरवलं. विहिरीवरच्या मोटरचा फ्यूज उडाला की तार घालायचं काम त्यांचंच होतं, त्यामुळे वायरीची भीती नव्हती. अडचण होती लोडशेडिंगची. विजेवरची घंटा नेमकी चोर आल्यावर मुकी राहायची. म्हणून सोमवारच्या बाजाराला गेल्यावर त्या महंमद हनीफ यांच्या दुकानात गेल्या. हनीफभाई विहिरीवरच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देत आणि टेम्पोची वायरिंगही करत. त्यांनी चार्ज धरणारी एक जुनी बॅटरी काढली. तिच्यावर चालेल असा, लांबवर ऐकू जाणारा एकच भोंगा दुकानात होता. टेम्पो मागे घेताना जी धून वाजते तिचा. साळुबाईंनी आवाज मोठा आहे ना, एवढंच विचारलं.

बटण त्यांनी घरीच केलं. कपडे वाळत घालायचा चिमटा घेतला, त्याच्या दोन्ही जबड्यांना आतून उघडी तार गुंडाळली. मधे डब्याच्या प्लास्टिकच्या झाकणाचा तुकडा सरकवला आणि तो दोरीनं दाराला बांधला. दार उघडलं की तुकडा ओढला जाणार, तारा टेकणार, भोंगा वाजणार. आपल्याला जाता-येता बंद करायचं बटण मागच्या न्हाणीत लपवलं. पहिल्यांदा दार सताड उघडलं तरी आवाज नाही, कारण दोरी लांब झाली होती. दुसऱ्यांदा गाठ सुटली. तिसऱ्यांदा भोंगा असा वाजला की चुलीपुढची मांजर खिडकीतून गेली. साळुबाईंना हसू आवरेना. त्या दार उघडत होत्या, लावत होत्या, पुन्हा तुकडा सरकवून उघडत होत्या. वस्तीनं हसू नये म्हणून भोंग्यावर मात्र तेवढ्यापुरती गोधडी टाकलेली होती. ही गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नाही.

इथे वस्तीची एक रीत सांगायला हवी. हंगामात रोज दुपारी हनीफभाईंचा मुलगा इरफान टोमॅटो न्यायला टेम्पो घेऊन येतो. वस्तीवर वळायला जागा नाही, म्हणून तो रस्त्यापासून मागे घेत साळुबाईंच्या अंगणापर्यंत येतो. ती धून ऐकू आली की ज्याचा माल तोडून तयार आहे त्यानं क्रेट उचलून धावत सुटायचं. नारायणगावच्या बाजारात गाड्यांची रांग लागते, त्यामुळे इरफान थांबत नाही. टेम्पो चुकला की माल बांधावर.

श्रावणातल्या एका दुपारी मोटरसायकलवरून दोघे आले. कुलूप तुटलं, दार ढकललं गेलं आणि धून वाजली.

वस्तीवर एकच धांदल उडाली. टेम्पो आज लवकर आला, असं ओरडत लोक बांधाबांधानं पळत निघाले. पुढे रखमाजी बांगर डोक्यावर क्रेट घेऊन, मागे त्यांची बायको कुशाबाई, त्यांच्यामागे बाकीचे. टोमॅटो सांडत होते, कोणी थांबत नव्हतं. टेम्पोचा आवाज कुठून येतोय हे त्या दोघा चोरांनाही कळेना. एक जण तर टेम्पोला वाट द्यायला बाजूला सरला. तेवढ्यात रखमाजी अंगणात पोहोचले आणि त्यालाच म्हणाले, "पावणं, जरा हात लावा."

डोक्यावरचं ओझं उतरवायला समोर असेल त्यानं हात लावायचा, ही इकडची रीत. चोरानं हात लावला. क्रेट उतरला तो मोटरसायकलच्या पुढच्या चाकाला टेकून. दुसरा आला, त्यावर तिसरा. गाडी क्रेटांनी कोंडली गेली, तेव्हा कुशाबाईंना लोंबणारं कुलूप दिसलं. त्यांनी बोंब मारली. दोघे उसात शिरले ते पायीच.

सगळ्यात शेवटी साळुबाई आल्या. त्यांच्याही डोक्यावर क्रेट होता.

मोटरसायकल पोलिसांनी नेली. बातमी भोसरीला पोहोचली आणि रविवारी भगवंत आला. कुलूप तुटलं होतं, म्हणजे अट लागू झाली होती. गाईला गिऱ्हाईक बघायला त्यानं आळेफाट्यावर एकाला सांगूनही ठेवलं होतं. साळुबाईंनी चहा ठेवला. रखमाजी आणि कुशाबाई येऊन बसले.

"कुलूप तुटलं," साळुबाई म्हणाल्या, "पर घरातला चमचा हलला न्हाई."

"आई, ह्याला अलार्म म्हणत न्हाईत. लोक टमाटी भराया आली व्हती. नशीब म्हण."

"आली का न्हाई पर?"

"चोरासाठी न्हाई आली."

यावर रखमाजींनी कप खाली ठेवला. "खरं सांगू का भाऊ, चोर आला म्हणून भोंगा वाजला असता, तर मी आतनं कडी लावून घेतली असती."

"लई शूर," कुशाबाई म्हणाल्या. "मागच्या टायमाला नुसतं मांजर पडलं तरी ह्ये गोधडीत शिरलं व्हतं."

साळुबाईंनी मुलाला विचारलं, "तुझ्या बिल्डिंगीत असं काय वाजलं, तर कोण येतं रे?"

भगवंतनं शिडी मागितली. आत ठेवलेला भोंगा त्यानं काढला आणि बाहेर वळचणीखाली, वस्तीकडे तोंड करून, स्क्रूनं पक्का बसवला. गाईचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही.

राहिला प्रश्न इरफानचा. एका धुनीवर दोन कामं चालणार नव्हती. वस्तीनं त्याला टेम्पोची धून काढून टाकायला लावलं. ती फक्त साळुबाईंच्या दाराला राहील आणि वाजली की क्रेट नव्हे, काठ्या घेऊन यायचं, असं ठरलं. इरफान कुरकुरला. साधा हॉर्न वाजवूनही लोक येईनात, दोन-तीन दिवस त्याला घरोघर हाका मारत फिरावं लागलं. भगवंतनं मात्र त्याच रविवारी संध्याकाळची एसटी पकडली होती. एकट्यानंच.