डॉक्टरीणबाईंच्या तोंडची मराठी

परदेशी मालिकांचे संवाद मी मराठीत लिहितो. कात्रजला एका इमारतीच्या तळमजल्यावर आमचा डबिंगचा स्टुडिओ आहे.

मागे एक अमेरिकन मालिका आली. तिच्यातली हृदयाची डॉक्टर ज्या अभिनेत्रीने केली होती, ती आफ्रिकेत जन्मलेली, विशीत अमेरिकेला गेलेली. तिचं इंग्रजी इतरांपेक्षा वेगळं, संथ होतं. असं पात्र आलं की आमच्याकडे एक ठरलेली सोय असते: त्याला गावाकडची बोली द्यायची. मीही दिली. बाकीचे डॉक्टर पुण्याचं मराठी बोलणार आणि ही म्हणणार, "हे काय खरं न्हाय बगा." लिहिताना मला हसू आलं होतं.

तिच्या आवाजासाठी आमच्याकडे नेहमी येणाऱ्या वाघोलीच्या एक बाई आल्या. घर मूळचं शेतकऱ्याचं, स्वतः त्या कॉलेजात शिकवतात. पहिल्याच पानावर त्या थांबल्या.

"सर, ही डॉक्टर आहे ना?"

"हो. उच्चार वेगळा आहे तिचा, म्हणून बोली."

"माझी आई अशीच बोलते. आजवर तुम्ही मला ही बोली कामवालीसाठी दिलीत, नाहीतर हसवायला. डॉक्टर मिळाली तर तिलाही हसवायलाच लावलंत."

काचेपलीकडून आमचा रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "ताई, पेशंट टेबलावर आहे. चर्चा तो शुद्धीवर आल्यावर करू."

मी हसलो. "आपण वाचा," म्हणालो. त्यांनी आठही भाग वाचले, आणि उत्तम वाचले.

पुढे काही महिन्यांनी त्या अभिनेत्रीची मुलाखत पाहिली. कित्येक वर्षं तिला आया, मोलकरणी, निर्वासित बायका एवढ्याच भूमिका मिळाल्या. ही डॉक्टर मिळाली तेव्हा उच्चार बदलायला सांगितलं, तर ती अडून बसली होती. आपल्या गावची माणसंही डॉक्टर होतात, हे तिला दाखवायचं होतं. मुलाखत अर्धी सोडून मी उठलो.

दुसऱ्या दिवशी बाईंना फोन केला. "चूक झाली. सगळं प्रमाण मराठीत पुन्हा लिहितो."

"म्हणजे आता तिचं बोलणंच पुसणार?" त्या म्हणाल्या. "बोली राहू द्या, सर. चेष्टा तेवढी काढा."

दोन रविवार त्यांच्या घरी बसून आम्ही आठही भाग नव्याने लिहिले. त्यांच्या आईने एकेक वाक्य ऐकून तपासलं. "डॉक्टर हाय ती, घाबरून कशाला बोलंल?" असं म्हणत काही ओळी त्यांनी सरळ मोडीत काढल्या.

ते कागद घेऊन मी मालिका दाखवणाऱ्या कंपनीत गेलो, चूक माझी आहे असं सांगितलं. तिथला तरुण अधिकारी अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, लोकांना आवडलंय ते. कशाला हात लावायचा?"

मालिका अजून तशीच दिसते. शेवटच्या भागात ती डॉक्टर एका आईला मूल गेल्याचं सांगते. परवा शेजाऱ्यांकडे तो भाग चालू होता. त्या वाक्याला घरातली सगळी हसली. मी तिथेच बसलो होतो, पण ते वाक्य माझं आहे हे सांगायला तोंड उघडलं नाही.