धाबळीची चकती

काशीत पंचगंगा घाटावरच्या आमच्या घरात नळ आला तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. मी त्या घरात नवी सून. यांच्या आत्याबाई विधवा, कडक सोवळ्यातल्या. दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणी पीत नसत. रोज गंगेची कळशी घेऊन गुडघे धरत त्या घाट चढायच्या, आणि माझा जीव खालीवर व्हायचा. म्हटलं, सुटल्या बिचाऱ्या!

कसल्या सुटतात? त्यांनी नळ बसवणाऱ्या मिस्त्रीलाच विचारलं, "भैया, ये पानी रुकता कैसे है?"

भला माणूस तो. त्यानं तोटी उघडली आणि आतली चामड्याची चकती काढून तळहातावर धरली. "यही दबती है माई, तो पानी रुक जाता है."

चामड्याला शिवलेलं पाणी! आत्याबाईंनी कळशी उचलली आणि घाटाची वाट धरली. मी मनातल्या मनात मिस्त्रीला लाखोली वाहिली.

वैशाखात त्या पायरीवरून घसरल्या. पाय सुजला, घाट उतरणं बंद. मी ओलेत्यानं पाणी आणते म्हटलं, तरी नाहीच. दोन दिवस नुसतं दूध. ओठांना भेगा पडल्या.

मी चिडून म्हटलं, "जीव गेला तर सोवळं कोण पाळणार?"

"तू पाळ," त्या म्हणाल्या.

त्या रागातच मला सुचलं. लोकर तर सोवळ्याला चालते! सोवळ्यात नेसायची माझी माहेरची लोकरीची धाबळी काढली, कोपऱ्यातून चार चकत्या कापल्या, एकीवर एक शिवल्या आणि मिस्त्रीला बोलावलं. तो हसला, पण चामडं काढून त्यानं ती लोकर बसवली. तोटी पिळली की धार थांबे, थेंब मात्र गळत राहिले.

जाताना दारात तो हळूच म्हणाला, "बहूजी, सड़क के बड़े नल में भी चमड़ा ही लगा है."

मी त्याच्यामागे दार लावून घेतलं.

आत आले तर आत्याबाई नळापाशी पाटावर बसलेल्या, हातात भरलेला लोटा. "आता कुठे चामडं नाही ना गं?"

त्यांच्याशी मी कधी खोटं बोलले नव्हते.

"नाही," म्हटलं. "कुठेच नाही."

त्या घटाघटा प्यायल्या. मग आणखी एक लोटा. पाप लागलं असेल तर ते माझं. त्यांनी तिसऱ्यांदा लोटा नळाखाली धरला, तेव्हा मला रडू आवरेना.