सातव्या दारामागचा दिवेवाला

पुस्तकं बांधणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे चिकटराव म्हणत. बोटं सदान्‌कदा खळीत बुडालेली, हे त्याचं अर्धं कारण. उरलेलं अर्धं असं की, एखादा विषय हाती लागला की ते तो सोडत नसत. दुकानात आलेला माणूस सहज बोलून गेला की, "धाकट्यानं नोकरी सोडली," तर चिकटरावांचे प्रश्न तयार. का सोडली, साहेबाशी बिनसलं का, मग आता सासरचे काय म्हणतात? माणूस घाईत असायचा आणि निम्म्यावरच निघून जायचा. मग ती अर्धवट गोष्ट दातात अडकलेल्या धाग्यासारखी दिवसभर त्यांना छळायची.

घराखालच्या लांबट खोलीत त्यांचं काम चाले. खिडकीशी बायकोचं शिलाईचं टेबल, समोरच्या भिंतीला त्यांचा शिकंजा. शिकंजा म्हणजे शिवलेली पुस्तकं दाबून ठेवायचं जुनं लोखंडी यंत्र. त्याचं चाक फिरवलं की ते असं कुरकुरायचं की बायको म्हणायची, "तुमचा थोरला भाऊ बोलला बघा."

मुख्य काम वाचनालयाचं. नवी पुस्तकं पातळ वेष्टणात यायची आणि चार हात फिरली की सुटायची. म्हणून ग्रंथपालबाई ती कपाटात लावण्याआधीच इकडे पाठवून देत. चिकटराव वेष्टण सोलून काढत आणि पुस्तकाचे फर्मे सुटे करत. फर्मा म्हणजे एकच मोठा छापील कागद घडी घालून झालेला सोळा पानांचा जुडगा. बायको ते फर्मे एकावर एक शिवत जाई, आणि मग चिकटराव त्यांना पुठ्ठा आणि कापड चढवत.

या कामात दोघांनी एक सुख शोधून काढलं होतं. पुस्तक सुटं असेपर्यंत दोघांना ते एकाच वेळी वाचता यायचं. पहिला फर्मा चिकटराव वाचत आणि टेबलावरून पलीकडे सरकवत. बायको तो वाचून मगच सुईला लावी. तोवर त्यांचा दुसरा वाचून झालेला असे. नियम एकच होता, पुढचं सांगायचं नाही. तिचा फर्मा संपला की बोलायला मोकळीक. मुलगी लग्न होऊन दूर गेल्यापासून त्या घरात जे काही बोलणं होई, त्यातलं बरंचसं या फर्म्यांवरचंच असे.

त्यात सावल्यांची मालिका आली आणि दोघं अगदी वेडे झाले. एका शहरात माणसांच्या सावल्या नाहीशा होऊ लागतात. शहराच्या खाली तसंच्या तसं एक उलटं शहर आहे, आणि चोरलेल्या सावल्या तिथे नांदताहेत. वर-खाली जायला सात दारं. घड्याळजीची पोरगी एकेक दार शोधून काढते. सहा सापडतात, पण सातवं आतून बंद आहे. ते कुणी लावलं? तिसरा भाग या प्रश्नावर संपला, आणि चिकटरावांना पुढचा भाग येईपर्यंत धड जेवण गोड लागेना. कापड कापताना ते मध्येच थांबत आणि म्हणत, "अगं, तिचा बाप तर नसेल?"

"बाप दुसऱ्या भागात गेला ना."

"गेला असं तिला सांगितलं. प्रेत कुणी पाहिलं?"

मग त्यावर तासभर.

चौथ्या भागात सावल्यांचा राखणदार आला. शंभर वर्षांपूर्वी मेलेला, देखणा आणि फार उदास. चिकटरावांनी त्याला सांभाळून घेतलं, म्हटलं, असेल काहीतरी कामाचा. पण पाचव्या भागात घड्याळजीची पोरगी आणि तो राखणदार गच्चीवर जे चढले, ते खाली उतरायचंच नाव घेईनात. त्यात एक लांडगा होणारा तरुणही तिच्यावर भाळला. तीन फर्मे नुसते उसासे. चिकटरावांनी चौथा उघडला, दोन पानं वाचली आणि बाकीचा न वाचताच पलीकडे सरकवला. असं आजवर कधी झालं नव्हतं.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"निम्मं शहर सावलीवाचून फिरतंय आणि ही बाई गच्चीवर त्याच्या पापण्या निरखतेय. त्याला पापण्या कशाला हव्यात? तो मेलाय."

"अहो, संकट आलं म्हणून माणसं प्रेम करायची थांबतात का?"

"नाही थांबत. पण गोष्ट थांबली ना. त्या दाराचं काय?"

"येईल दार. तुम्हाला सगळी घाई. आपलं जमलं तेव्हा तुम्ही काय दारं शोधत होता?"

"मी जिवंत होतो," चिकटराव म्हणाले, आणि खळ ढवळू लागले.

पाचवा भाग संपला तरी दार काही आलं नाही. चिकटरावांनी जाहीर केलं की या मालिकेवर त्यांनी पाणी सोडलं आहे. लिहिणारी बाई फसवते, आधी भूक लावते आणि मग ताटात फुलं वाढते. आता सहावा आला तर नुसता बांधायचा, वाचायचा नाही. त्या फुगण्यात त्यांनी इतर पुस्तकंही वाचायचं सोडलं. एकदा फसलेल्या गिऱ्हाइकासारखे ते सगळ्याच दुकानांकडे संशयानं पाहू लागले. खोलीत फक्त कामाचं बोलणं उरलं. खळ घट्ट झालीय. दोरा संपत आलाय. दिवा लाव. बायको फर्मे एकटीच वाचायची आणि सांगायला तोंड उघडून पुन्हा मिटायची. शिकंजाच काय तो अधूनमधून बोलायचा.

सहावा भाग आला. शेवटचा. चिकटरावांनी तो सोलला, सुटा केला आणि गठ्ठा बायकोपुढे ठेवून दिला. जणू काही परक्या गावची पंचायत. ती वाचत गेली, शिवत गेली. बराच वेळ गेल्यावर दोरा दातानं तोडत ती आपल्याशीच म्हणाली, "अगं बाई, हा होता होय."

चिकटराव खळ लावत राहिले.

"मला वाटलं ते पात्र विसरलीच लेखिका."

चिकटरावांचा खळीचा ब्रश थांबला. "कोण?" ते शेवटी म्हणाले.

"तुम्ही वाचायचं नाही म्हणालात ना?"

"ऐकणार नाही असं कुठे म्हणालो?"

मग तिनं सांगितलं. पहिल्या भागाच्या पहिल्याच पानावर एक मुका दिवेवाला संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लावत जातो. आठवतं का? त्याच्या हातात पेटता दिवा असतो, तरी भिंतीवर त्याची सावली पडत नाही. म्हणजे त्याची सावली सगळ्यांच्या आधी गेली होती. सातवं दार त्यानंच आतून लावलं, त्याच्या सावलीनं नव्हे, खुद्द त्यानं. कारण ते उघडं राहिलं असतं तर उलटं शहर वर आलं असतं.

चिकटराव स्टुलावर बसलेच. "पहिल्या पानावर," ते म्हणाले. "आणि आपण बापावर संशय घेत बसलो."

त्यानंतर रोज ती थोडं थोडं सांगायची. चिकटराव पुठ्ठे कापता कापता आडवेतिडवे प्रश्न विचारायचे. मुका होता तर त्यानं कुणाला कसं कळवलं? दिव्यांच्या खुणांनी, ती म्हणाली. दोन विझलेले, एक पेटलेला, असं. एखाद्या प्रश्नाला ती जरा थांबायची, सुईत दोरा ओवायला वेळ लावायची, आणि मग उत्तर यायचं ते असं चपखल की चिकटराव मांडीवर थाप मारायचे. खोलीत पुन्हा घरपण आलं. शिकंज्याचं कुरकुरणं कुणाला ऐकूही येईना.

हे सगळं त्या खोलीत राहिलं असतं तर बरं होतं. पण चिकटराव बांधलेली पुस्तकं द्यायला वाचनालयात गेले, तिथे वाचकांची तोंडं उतरलेली. पाचव्या भागानं सगळ्यांनाच तोंडघशी पाडलं होतं. चष्म्याच्या दुकानाचे मालक, ज्यांनी पहिला भाग तीनदा वाचला होता, ते तर बाईंना सांगत होते की माझं नाव सहाव्याच्या यादीतून कमी करा.

चिकटरावांना राहवलं नाही. "कमी करू नका," ते म्हणाले. "सहाव्यात सगळं फेडलंय लेखिकेनं. दिवेवाला लक्षात ठेवा. पहिलं पान." आणि पुढचं सांगायचं नाही हा नियम आठवून त्यांनी ओठ असे मिटले की बघणाऱ्याला जास्तच चेव यावा.

पंधरवड्यानं चष्मेवाले दुकानाच्या दारात उभे राहिले. हातात सहावा भाग आणि मागे ग्रंथपालबाई, अवघडलेल्या.

"चिकटराव, दिवेवाला कुठाय?"

"म्हणजे?"

"मी वाचलं. माझ्यामागून आणखी चौघांनी वाचलं. गच्ची आहे, राखणदार आहे, लांडगा आहे. शेवटी गच्चीवरच लग्न आहे. दिवेवाला औषधाला नाही. तुम्ही वाचलाय, मग आमच्या पुस्तकात का नाही? फर्मा गळलाय तुमच्याकडून."

चिकटरावांच्या हातून आजवर एक पान गळलं नव्हतं. त्यांच्या नावाला जी काय किंमत होती ती एवढीच. "पान क्रमांक बघा," ते म्हणाले खरे, पण म्हणता म्हणताच त्यांना आठवलं. या भागाच्या छापखान्यानं क्रमांक इतके खाली छापले होते की कडा साफ करताना बरेचसे कापले गेले होते. बाईंना विचारूनच कापले होते, पण गेले होते हे खरं.

"मला तुमच्यावर संशय नाही," बाई हळूच म्हणाल्या. "पण लोक विचारतात हो. एकदा बघून सांगा."

दोघं गेल्यावर चिकटरावांनी आधी टेबलाखाली पाहिलं. मग रद्दीच्या पेटीत, पुठ्ठ्यांच्या मागे, बायकोच्या शिवणाच्या डब्यातसुद्धा. अख्खा दिवेवाला कुठेतरी हरवला, आणि तो आपण हरवला. आता एकच खात्रीचा उपाय होता. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर, पाठीच्या बाजूला, एक छोटी काळी खूण छापलेली असते, प्रत्येकाची आधीच्याहून जरा खाली. सगळे फर्मे असले की पुस्तकाच्या पाठीवर त्या खुणांचा उतरता जिना दिसतो. एक गळला की पायरी तुटते. पण पाठ आता कापडाखाली होती. ती पाहायची तर स्वतःचंच बांधकाम फाडायला हवं होतं.

त्यांनी सुरी घेतली. कापडाच्या कडेला टोक लावलं आणि बोटभर चीर दिली.

"थांबा," बायको म्हणाली.

"पायरी बघू दे."

"जिना पुरा आहे. फाडू नका. इतकं सुरेख बांधलंय तुम्ही."

चिकटरावांनी वर पाहिलं. ती सुईकडे बघत होती, आणि सुईत दोरा आधीच ओवलेला होता.

"पुस्तकात दिवेवाला नाही," ती म्हणाली. "पहिल्या पानावर आहे तेवढाच. दिवे लावतो आणि जातो. पुढे लेखिकेला त्याची आठवणही नाही."

"आणि सावली पडत नाही ते?"

"ते मी."

"दिव्यांच्या खुणा?"

"ते तुम्ही विचारलंत म्हणून."

सुरी चिकटरावांनी टेबलावर आडवी ठेवली.

"तुला तर आवडत होतं ना ते गच्चीचं?"

"पाचव्यात आवडलं. सहाव्यात मीसुद्धा वाट बघत होते हो दाराची. लग्न झालं, बरं झालं, सुखी राहोत. पण अक्षता पडल्या आणि पुस्तक संपलं, आणि खाली सगळ्यांच्या सावल्या तशाच." तिनं दोरा बोटाला गुंडाळला. "म्हटलं, आता तुम्हाला कळलं की तुम्ही कायमचे फुगणार. मला ही खोली तशी नको होती."

दुसऱ्या दिवशी चिकटराव वाचनालयात गेले, तेव्हा चष्मेवाले तिथेच बसले होते. चिकटरावांनी पुस्तक बाईंपुढे ठेवलं. चिरेवर जुळत्या कापडाची पट्टी लावलेली होती, नीट पाहिली तरच दिसेल अशी. फर्मा गळला असं म्हणून विषय मिटवता आला असता, पण ते त्यांच्या जिवावर आलं. बायकोची थट्टा होईल, हेही जिवावरच आलं होतं.

"पानं सगळी आहेत," ते म्हणाले. "हवं तर इथे फाडून जिना दाखवतो. दिवेवाला या पुस्तकात नाही."

"मग तुम्ही कुठे वाचलात?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"वाचला नाही. ऐकला. तो आमच्या घरचा आहे."

आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. बाईंनी हसू दाबलं. चष्मेवाले मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हणजे ते दार कुणी लावलं, हे तुम्हाला माहीत आहे," ते म्हणाले, "आणि मला नाही."

संध्याकाळी ते एक पुस्तक घेऊन दुकानात आले. पुस्तकाला काहीही झालेलं नव्हतं. स्टूल ओढून बसत ते म्हणाले, "वहिनी, जरा पाठ ढिली वाटते याची. बघा सवडीनं. आणि तो दिवेवाला आत अडकला म्हणता, तर मग बाहेरचे दिवे कोण लावतं?"

बायकोनं चिकटरावांकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांनीही विचारला नव्हता. त्यांनी ब्रश खळीच्या भांड्यात ठेवून दिला आणि स्टूल जरा पुढे सरकवलं.

"तेच तर," ती म्हणाली, आणि सुईत दोरा ओवायला घेतला.