बुकिंगची गाडी आणि बाजारातली जागा

माझी गाडी जगात कुठेच नव्हती, तेव्हापासून मी तिच्याबद्दल बोलत होतो. उन्हाळ्यात फोनवर एका कंपनीची जाहिरात दिसली. प्लग लावून चार्ज करायची, विजेवर चालणारी पिकअप. डिझेल नको, धूर नाही, आवाज नाही. कारखान्यातून अजून एकही बाहेर पडली नव्हती, पण बुकिंग मात्र सुरू होतं. मी टोकन भरलं आणि मला रांगेतला नंबर मिळाला. सडक अर्जुनीपासून आत असलेल्या आमच्या गावात मी एकदम पुढारलेला माणूस झालो, निदान माझ्या मते.

चहाच्या टपरीवर मी रोज त्या गाडीचा फोटो काढून दाखवायचो. टपरीवाला विचारायचा, "गाडी कधी येते भाऊ?" मी ऐटीत म्हणायचो, "येऊन राहिली." दोनेक महिन्यांनी त्याने विचारणं सोडलं. मी सांगणं काही सोडलं नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण दारात जुनी डिझेल पिकअप उभी होती. तिचं एक दार दोरीने बांधलेलं, हॉर्न पडसं झाल्यासारखा. विजेची गाडी बुक केलेल्या माणसाच्या अंगणात ती मला शोभेना. अर्जुनी मोरगावचा एक मंडपवाला ती मागतच होता. बायको म्हणाली, "अजी, आधी ते येऊ द्या, मंग हे इका." मी तिला जग कुठे चाललंय ते समजावून सांगितलं आणि दसऱ्याच्या आधी गाडी विकून मोकळा झालो.

दसऱ्याला गाडीची पूजा करायची, तर गाडीच नाही. मी फोनमधली बुकिंगची पावती उघडून फोन पाटावर ठेवला. बायकोने फोनला हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, नारळ फोडला. त्यातलं कुंकू आणि नारळाचं पाणी चार्जिंगच्या भोकात गेलं आणि दोन दिवस फोन चार्जच होईना. गाडी यायची होती, पण चार्जिंगची अडचण आधीच येऊन पोचली होती.

त्याच उत्साहात मी वायरमन बोलावून ओसरीत भला मोठा प्लगही बसवून घेतला होता. त्याच्यावर आजतागायत फक्त फवारणीचा पंप चार्ज होतो.

आता खरी गोष्ट सांगतो, जी मी तेव्हा लक्षातच घेतली नाही. पिकअप नावाने माझी होती, पण कामाने बायकोची. धान मी पिकवतो. वांगी, मिरची, पोपटीच्या म्हणजे वालाच्या शेंगा तिच्या, आणि आठवडी बाजारातली वडाखालची जागाही तिची. आधी तिथे माझी आई बसायची, आईनंतर ही. त्या जागेचा कागद नाही, पावती नाही. सकाळी लवकर जाऊन पोतं अंथरायचं, वर दगड ठेवायचा, की जागा धरली. मात्र सलग तीन बाजार ती रिकामी दिसली, तर चौथ्याला कोणीही बसू शकतं आणि मग भांडायला तोंड राहत नाही. घरचा रोजचा खर्च त्या चार हात जमिनीवरच चालत आला आहे.

दिवाळीपर्यंत भाड्याच्या ऑटोवर भागलं. मग धान खरेदी केंद्राच्या काट्यावर न्यायची घाई सुरू झाली आणि गावातला एकही ऑटो रिकामा मिळेना. एसटीचा कंडक्टर वांग्याची पोती पाहून हात हलवायचा. एक बाजार चुकला. दुसराही चुकला. त्या दिवशी शेजारीण बाजारातून आली, ती सांगत आली की बाजूला बसणाऱ्या कांदेवालीने आपली ताडपत्री सरकवून वडाखालची अर्धी जागा घेतली आहे.

त्याच आठवड्यात कंपनीचा मेल आला. उत्पादन पुढे ढकललं आहे, पण तुमचा नंबर सुरक्षित आहे. मी बायकोला तो आनंदाने वाचून दाखवला. माझी अक्कल त्या दिवशी कुठे चरायला गेली होती, कोण जाणे.

ती मिरच्यांचे देठ खुडत होती. खाली बघूनच म्हणाली, "तुमचा नंबर तं पक्का आहे. माझ्या जागेचं काय?"

मला लाज वाटली, आणि ती नंतर बरेच दिवस गेली नाही.

तिसऱ्या बाजाराच्या दिवशी मी पहिल्या एसटीने निघालो. हातात रिकामं पोतं आणि पिशवीत अंगणातला दगड. बाजारात दगड मिळतात हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी कशाचाच भरवसा वाटत नव्हता. वडाखाली उरलेल्या अर्ध्या जागेत पोतं अंथरलं, दगड ठेवला आणि स्वतःही बसलो. माल कसा आणणार, हे बायकोने सांगितलं नव्हतं आणि विचारायची माझी हिंमत नव्हती.

कांदेवालीने बराच वेळ माझ्याकडे, पोत्याकडे आणि दगडाकडे पाहिलं. "काय इकता भाऊ?"

"माल येऊन राहिला," मी म्हणालो.

"कधी?"

टपरीवर सहा महिने मी हेच उत्तर देत होतो. ते ऐकायला कसं वाटतं, हे मला पहिल्यांदाच कळलं.

तेवढ्यात पडसं झालेला हॉर्न वाजला. माझीच जुनी पिकअप होती. मंडपवाला चालवत होता, शेजारी बायको बसली होती, मागे वांग्याची पोती. तिने त्याला फोन करून दर बाजाराला भाड्याने माल आणायचं ठरवून टाकलं होतं. दाराची दोरी जाऊन नवी कडी आली होती.

ती उतरली तशी कांदेवालीने आपली ताडपत्री मागे ओढली. मी तासभर बसून होतो, तेव्हा ती बोटभर हलली नव्हती.

दुपारी गिऱ्हाईक कमी झालं तेव्हा मी फोन काढून बुकिंग रद्द करायला लागलो. बायकोने वाकून पाहिलं.

"कायले?"

"काही खरं नाही त्या गाडीचं."

"राहू द्या," ती वांग्यांवर पाणी शिंपडत म्हणाली. "इतके दिवस नंबर धरला, आता काऊन सोडता? येईन कधी तं." मग पोत्याचा कोपरा सरळ करून म्हणाली, "अन् येत नाही तवर दर बाजाराले सकाळी येऊन इथं बसत जा."