दप्तरबाईंची भिरभिरी

दप्तरबाईंनी चौतीस वर्षं एका कचेरीच्या तळघरात कागद बांधले. खरं नाव फक्त पगारपत्रकात. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना दप्तरबाईच म्हणत. फायलींचा गठ्ठा त्या असा आवळत की दहा वर्षांनी सोडला तरी एक कागद हललेला नसे. आणि वरून आलेल्या शेऱ्यावर त्यांनी कधी उलट प्रश्न केला नाही. याला कोणी शिस्त म्हणे, कोणी भित्रेपणा. दोन्ही खरं.

त्या निवृत्त झाल्या आणि वर्षाच्या आत त्यांची भाड्याची खोली असलेली इमारतच पाडायला काढली. लग्न केलं नव्हतं, थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वी गेलेला. राहता राहिल्या वहिनी. त्या स्वतः टेम्पो घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "चला वन्सं, फार विचार करू नका."

दप्तरबाई गेल्या, पण विचार कसला थांबतोय? भाऊ असता तर गोष्ट वेगळी. भाऊ नसताना भावजयीकडे राहायचं म्हणजे फुकटचं खायचं, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. भाजी दुसऱ्यांदा वाढून घेईनात. पंखासुद्धा विचारून लावायच्या. बायकांच्या एका वसतिगृहात त्यांनी गुपचूप चौकशीही करून ठेवली.

वहिनी ऑफिसांच्या डब्यांना आणि वाढदिवसांना टॉर्टियाचे रोल पुरवत. टॉर्टिया म्हणजे मैद्याची पातळ, मऊ पोळी. तिला मऊ चीज फासायचं, वर पालक, किसलेलं गाजर, भाजलेली लाल ढोबळी मिरची. मग घट्ट वळून चकत्या कापायच्या. चकतीत रंगांचा फेर दिसतो, म्हणून घरात त्यांना भिरभिरी म्हणत. दिसायला नखरेल, करायला किचकट. पालक ओला राहिला की पोळी भिजते. पोळी गार असली की तडकते. सैल वळली तर कापताना पोटातलं सगळं बाहेर. वळून, प्लास्टिकमध्ये आवळून दोन तास फ्रीजमध्ये ठेवायचं, मगच सुरी लावायची.

दप्तरबाईंना आधी पालक पुसायचं काम मिळालं. एक दिवस त्यांनी भीतभीत एक रोल वळला. वहिनींनी कापला, तर चकती ताटात अशी उभी राहिली की ढकलली तरी पडेना.

"वन्सं, हा हात इतके दिवस कुठे लपवला होतात?"

त्या दिवशी दप्तरबाई पोटभर जेवल्या.

पुढे महिनाभराने वहिनींची दाढ ठणकायला लागली. वैतागून त्या म्हणाल्या, "पुरे झाला हा उपद्व्याप! एक दिवस सगळं गुंडाळणार आहे मी." दाढ दुखत असताना माणूस वाट्टेल ते बोलतं. दप्तरबाईंनी मात्र ते मनाला लावून घेतलं. धंदा बंद, तर आपलं इथे काय काम?

दुसऱ्या दिवशी एका लायब्ररीत निरोपसमारंभ होता, एक वाजता. दीडशे भिरभिरी. वहिनी सकाळी सगळं ओट्यावर मांडून दाताच्या डॉक्टरकडे गेल्या. नऊ वाजता तिथल्या खुर्चीतून त्यांचा मेसेज आला. तोंड बधिर केलेलं, बोलणार कशा? "वन्सं, सगळं गुंडाळून ठेवा. लायब्ररीला फोन करा."

दुसरं कोणीही असतं तर पोळ्या वळायला घेतल्या असत्या आणि डबे कुठल्या दाराने आणायचे ते लायब्ररीला विचारलं असतं. पण चौतीस वर्षं 'गुंडाळून ठेवा' या शेऱ्याचा एकच अर्थ होता: प्रकरण बंद, कपाटात टाका. दप्तरबाईंनी मेसेज दोनदा वाचला. चीज डब्यात भरलं, पालक फडक्यात बांधला, पोळ्या पुन्हा पाकिटात. लायब्ररीत फोन करून कारकुनाला सांगितलं, "आमच्याकडून आजचं रद्द समजा." मग वसतिगृहाच्या वॉर्डनबाईंना फोन केला, "खोली घेते. संध्याकाळी येते." आणि ट्रंक भरायला बसल्या.

साडेदहाला वहिनी आल्या. गाल टम्म, तोंडात कापूस.

"किती झाफी?"

"काय किती?"

"भिफभिफी!"

"तुम्हीच तर लिहिलंत, गुंडाळून ठेवा म्हणून."

वहिनींनी कापूस काढून फेकला. "अहो, पोळ्या! पोळ्या गुंडाळा! ...आणि ही ट्रंक कशाला काढलीत?"

उत्तराला वेळ नव्हता. वहिनींची जीभ अजून जड होती, फोनवर कोणाला काही कळलं नसतं, म्हणून दप्तरबाईंनाच लायब्ररीत फोन लावावा लागला. कारकून निवांतपणे म्हणाला, "बाई, तुमचा निरोप अजून माझ्या टेबलावरच आहे. साहेब चहाला गेलेत." कामचुकार माणसाचे उपकार आयुष्यात एकदा तरी होतातच!

दोघी ओट्याला भिडल्या. वहिनी फासत होत्या, दप्तरबाई वळत होत्या. दोन तास कुठले मिळायला? रोल थेट बर्फाच्या कप्प्यात कोंबले.

"एक फोन नाही करता आला?" वहिनी कडाडल्या. "डॉक्टरने उचलला असता. विचारायला काय झालं होतं?"

दप्तरबाईंचे हात थांबले नाहीत. "दुसऱ्याच्या घरात आहे मी. सांगितलेलं करायचं. विचारायचा हक्क कुठून आणू?"

वहिनींच्या हातातली सुरी तशीच राहिली. मग त्या नेहमीपेक्षा हळू म्हणाल्या, "यांच्या मागे दोन वर्षं मी या घरात एकटी जेवले. तुमच्यासाठी टेम्पो आणला तो काय दया म्हणून? मला माणूस हवं होतं, वन्सं. भांडणारं. तुम्ही तर भांडतही नाही."

बर्फाचा कप्पा घूं घूं करत होता. दप्तरबाईंनी एक रोल पुरा केला, बांधला, आणि वर न बघताच म्हणाल्या, "पालक तुम्ही फार जाड चिरता. म्हणून वळताना पोळी फाटते. महिनाभर सांगीन म्हणतेय."

"मग सांगायचं की, बाई!" वहिनी एका गालाने हसल्या आणि दुखलं म्हणून कळवळल्या.

शेवटी एकशे बत्तीस चकत्या धड निघाल्या. बाकीच्यांचा चुरा झाला. तो दोघींनी ओट्याशी उभ्यानेच खाल्ला. दप्तरबाईंनी दुसऱ्यांदा घेतला, न विचारता. डबे घेऊनही त्याच गेल्या. कारकुनाला स्वच्छ सांगितलं, "अठरा कमी आहेत. चूक माझी."

परत आल्यावर त्यांनी वॉर्डनबाईंना फोन लावला.

"खोली नको."

"अहो, रजिस्टरला नाव चढलंय तुमचं. खोडायला कारण लागतं. काय लिहू?"

दप्तरबाईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. वहिनी गालाला बर्फ लावून, डोळे मिटून बसल्या होत्या.

"लिहा," त्या म्हणाल्या, "बाईंना घर आहे."