तांब्याचा कागद वेगळा

इकडे हिंदी मुलखात, आमच्या मुलींच्या इंटर कॉलेजात तांबं आणि जस्त यांच्या सेलचा व्होल्टेज वर्षानुवर्षं एकच यायचा. एक पूर्णांक दहा. थंडी असो, ऊन असो, मीटरमध्ये बॅटरी असो वा नसो, आकडा हलायचा नाही, कारण तो पुस्तकात छापलेला होता. बारावीच्या मुली आधी वहीत १.१० लिहायच्या आणि मग शास्त्रापुरत्या वायरी जोडायच्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही ते चालू दिलं. दुसऱ्या वर्षी माझ्या फटकळ तोंडानं घात केला. भर वर्गात मी जाहीर करून बसले, "इस बार जो मीटर बोलेगा, वही लिखा जाएगा. किताब से किसी ने उतारा, तो मुझसे बुरा कोई नहीं."

हात दाखवून अवलक्षण ते हेच.

प्रयोग तसा साधा. एका बीकरमध्ये मोरचुदाचं निळं पाणी आणि त्यात तांब्याची पट्टी. दुसऱ्यात झिंक सल्फेटचं पाणी, त्यात जस्ताची पट्टी. दोन्ही पाण्यांना जोडणारी, क्षारात भिजवलेली फिल्टर पेपरची घडी. पट्ट्यांना मीटर लावला की एका धातूची दुसऱ्याकडे किती ओढ आहे ते आकड्यात दिसतं. पुस्तकाच्या जवळपास दिसायला हवं. आम्हाला दिसायचं ०.९७, मग ०.९४, आणि बघता बघता आणखी खाली. दुसऱ्या जोडीला १.०२, पण तेही टिकेना. मुली माझ्याकडे बघायच्या आणि मी मीटरकडे. नाचता येईना तर अंगण वाकडं, तसा मी आधी मीटरलाच दोष दिला. त्यात नवी बॅटरी घातली. मग द्रावणं नव्यानं केली, घड्या बदलल्या. पट्ट्या तर रोज मी स्वतः घासून लख्ख करत होते, त्यामुळे तिकडे शंकाच नव्हती.

बोर्डाची प्रॅक्टिकल आठवड्यावर आली तेव्हा प्रिन्सिपल मॅडमनी मला बोलावलं. बाई मनानं चांगल्या. म्हणाल्या, "ज़िद मत कीजिए. बाहर से परीक्षक आएँगे, उलटा-सीधा नंबर देखेंगे, लड़कियों का नुकसान होगा. सोमवार तक ठीक हो गया तो ठीक. नहीं तो जैसे हर साल होता है." म्हणजे सोमवारपर्यंत सेल सुधारला नाही तर मुलींनी पुन्हा छापलेला आकडा उतरवायचा, आणि मी त्यांच्यापुढे तोंडघशी पडायचं. मला त्या दिवशी फार राग आला, आणि तो सगळा स्वतःचाच होता.

रविवारी पट्ट्या घरी आणल्या. आमचं घर मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत. हिवाळ्यात ऊन हवं तर गच्चीवरच जावं लागतं. तिथे सासूबाई देवाची भांडी घासत होत्या. तांब्याचं ताम्हण, पळी, पंचपात्री चिंचेनं आणि चांदीचं निरांजन रांगोळीनं. फडकीही दोन. या दोन फडक्यांवरून आमची लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात जुंपली होती. मी एकाच फडक्यानं सगळं पुसलं होतं आणि त्यांनी सगळं पुन्हा घासलं होतं. का, विचारलं तर "असंच असतं." माझ्या माहेरी कुणी सोवळं पाळत नव्हतं. असल्या उत्तरानं माझं डोकं फिरतं.

मी त्यांच्याशेजारी वर्तमानपत्र पसरलं, पॉलिश पेपर काढला आणि पट्ट्या घासायला बसले. आधी तांबं, मग जस्त, मग पुन्हा तांबं. पॉलिश पेपरचा तुकडा चांगला मोठा होता, संपेपर्यंत वापरायचा हा माझा नियम.

त्या थोडा वेळ बघत राहिल्या. मग न राहवून म्हणाल्या, "अगं, तांब्याला लावलेला कागद त्या सफेद पट्टीला काय लावतेस? लाली नाही का चढत तिच्यावर?"

"आई, हे देवाचं नाही. इथे सोवळं नसतं," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता हातातला कागद उलटा केला. त्यावर तांब्याची लालसर भुकटी बसली होती. जस्ताची पट्टी उन्हात तिरकी धरली. बारीक लाल ठिपके. म्हणजे आठवडाभर मी जस्त साफ करत नव्हते, त्यात तांबं भरत होते. ते तांबं जस्ताला जागच्या जागी कुरतडत होतं आणि बिचारा मीटर खरं तेच सांगत होता.

मी जोरात हसले. त्यांना वाटलं, मी त्यांनाच हसते आहे. समजावून सांगितलं तेव्हा त्या इतक्या खूश झाल्या की संध्याकाळी चौघींना फोन करून झाला. यावरून सोवळ्यात विज्ञान असतं असं कुणी म्हणू नये. तेच फडकं पाळीच्या दिवसांत मी शिवलेलं का चालत नाही, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पण त्या दिवशी सासूबाई बरोबर होत्या आणि मी चूक होते, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं.

सोमवारी जस्ताच्या पट्ट्या सौम्य आम्लात बुडवून काढल्या आणि दोन नवे कागद घेतले. एकाच्या पाठीवर 'तां', दुसऱ्याच्या 'ज'. मीटरवर १.०८ आला आणि तिथेच थांबला. मॅडम स्वतः बघायला आल्या, दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि पसंतीची मान हलवून गेल्या.

परीक्षेच्या दिवशी मला लॅबमध्ये उभं राहायची परवानगी होती, बोलायची नव्हती. कुणाला १.०७ आला, कुणाला १.०९. मागच्या टेबलावर एका नावाड्याची मुलगी होती. लेखी पेपरात ती कच्ची, सगळी भिस्त प्रॅक्टिकलच्या मार्कांवर. तिला १.०५ आला. तिनं शेजारणीच्या वहीत पाहिलं, मग स्वतःच्या वहीत, आणि खोडरबर उचलला. ही शपथ मी घातली होती, मार्क तिचे जाणार होते. त्या क्षणी मलाच वाटलं, लिही बाई, पुस्तकातलं लिही.

तेवढ्यात परीक्षक तिच्यापाशी पोचले. पिकलेल्या केसांचे, मफलर गुंडाळलेले गृहस्थ. वही पाहून म्हणाले, "किताब में तो एक-दस है. आपका एक-पाँच कैसे?"

तिनं एकदा मीटरकडे पाहिलं. मग खोडरबर मुठीत ठेवूनच म्हणाली, "सर, किताब वाला सेल तो हम देखे नहीं हैं. ई वाला देखे हैं."

त्यांनी चष्मा वर सरकवला आणि वायरी स्वतः काढून पुन्हा लावल्या. मीही पुढे सरकले आणि तिघेही वाकून बघत राहिलो. एक, शून्य, पाच. "लिखा रहने दीजिए," ते म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

मी व्हरांड्यात जाऊन नळ सोडला आणि कारण नसताना हात धूत राहिले. आत जायच्या आधी डोळेही धुतले.